कंबर कलली की पाठ कुठे जाते: बसणं, उभं राहणं, वाकणं आणि उचलणं नव्याने शिकणाऱ्यांसाठी

गेल्या मे महिन्यात, आंब्याचा हंगाम अगदी भरात होता तेव्हा, शेजारच्या काकू संध्याकाळच्या आमच्या ओटीवर आल्या, एक हात कमरेवर, आणि म्हणाल्या, "गो बाय, माझा कमरेचा हाड सरकला हा, बघ मगे जरा." मी फिजिओथेरपी शिकलेय हे वाडीत सगळ्यांना माहितीय, त्यामुळे असं कुणी ना कुणी येतंच. बघितलं. पायात ताकद नीट, मुंग्या नाहीत, वाकणं-वळणं सगळं होत होतं. हाड काही सरकलेलं नव्हतं. मग विचारलं दिवसभर काय केलंत, तर सकाळपासून जमिनीवर बसून आंबे निवडून पेंढ्यात लावून पेट्या भरल्या, आणि घरी आल्यावर पाहुणे यायचे म्हणून आडाळ्यावर (विळीवर) बसून चार नारळ खवले. म्हणजे सात-आठ तास कंबर एकाच जागी, एकाच कलात.

आमच्या देवगडकडे हे घरोघरी आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. ज्यांची पाठ तशी चांगली आहे, काही आजार नाही, फक्त कसं बसावं कसं उभं राहावं हे कुणी कधी शिकवलेलंच नाही, अशा मोठ्या माणसांसाठी हे आहे. गरोदर बाया, हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं, मणक्याचं ऑपरेशन झालेले, यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चाललीय, ताप आहे, वजन आपोआप उतरतंय, किंवा झाडावरून, गाडीवरून पडल्यानंतर दुखणं सुरू झालंय, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. पहिल्या दोन गोष्टींत तर रात्र झाली म्हणून सकाळपर्यंतही थांबू नका.

आधी आत काय आहे ते

पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके सुटे असतात, त्याखाली पाच मणके एकमेकांना चिकटून झालेलं त्रिकोणी हाड, सेक्रम, आणि शेवटी माकडहाड. हे सेक्रम दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांमध्ये पाचरीसारखं बसलेलं असतं आणि ते सगळं मिळून जे कडं होतं ते पेल्विस. पुस्तकात त्याला श्रोणी म्हणतात, आपण सगळे नुसतं कंबर म्हणतो, मीही इथे कंबरच म्हणणार आहे.

आता कणा सरळ नसतो हे डोक्यात पक्कं बसवा. बाजूने बघितलं तर मान आत, पाठ बाहेर, कंबर परत आत, अशी वळणं असतात आणि ती असायलाच हवीत. तान्ह्या बाळाचा कणा एकाच बाकाचा असतो, ते मान धरायला लागलं की मानेचं वळण येतं, बसायला-चालायला लागलं की कमरेचं. "ताठ बस" म्हणून लहानपणी जे ओरडलं जातं ना, त्यात लाकडाच्या फळीसारखं व्हा असा अर्थ आपण घेतो, तो चूक आहे.

कंबर आणि कणा यांचं नातं सांगायला मला होडीतला खलाशी सगळ्यात बरा वाटतो. होडी पुढे कलली तर तो उभा माणूस पुढे पडत नाही, तो कमरेतून मागे झुकतो, गुडघे वाकवतो, काहीही करतो पण डोकं सरळ ठेवतो, कारण त्याला समोर बघायचं असतं. आपली कंबर म्हणजे होडी आणि कणा म्हणजे तो खलाशी. कंबर पुढे ओणवली की तिच्यावरचा कणा जास्त आत वळतो, पोट पुढे येतं. कंबर मागे कलंडली की कमरेचं वळण सपाट होतं, पाठीला पोक येतं आणि नजर समोर राहावी म्हणून हनुवटी पुढे जाते. कंबर एका बाजूला उतरली की कणा त्या बाजूला फुगीर होतो आणि वरून परत मधल्या रेषेत येतो. म्हणून मान दुखते म्हणून कुणी आला तरी मी आधी तो बसलाय कसा ते बघते.

आणखी एक, हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच स्वतःला दोष देत बसतात. प्रत्येकाच्या कमरेची घडण वेगळी असते. सेक्रमची वरची बाजू आणि खुब्याचे सांधे यांच्यातला एक कोन मोजतात, फ्रान्समधल्या लोकांनी १९९०च्या दशकात तो नीट मांडला, इंग्रजीत त्याला पेल्विक इन्सिडन्स म्हणतात. मोठ्या माणसात हा कोन उभं राहून, बसून, व्यायाम करून बदलत नाही, तो हाडाचाच असतो, आणि कुणाचा ३५ अंश तर कुणाचा ८०. ज्याचा जास्त त्याच्या कमरेचं वळण घडणीनेच खोल. त्यामुळे बहिणीची पाठ सपाट दिसते आणि माझी खोल, म्हणजे माझं काहीतरी बिघडलंय, असं नसतं. आपल्या घडणीत मधली जागा कुठे आहे ती शोधायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना हलत राहायचं, एवढंच आपल्याला करायचंय.

पायरी १: हाडं हाताने शोधा

उभे राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे बोटं पुढे. पुढे बोटं खाली-आत सरकवत आणलीत की दोन टोकं लागतील, परकराची नाडी किंवा पॅन्टचा पट्टा साधारण जिथे अडतो त्याच्या थोडं खाली. मागे अंगठ्याखाली दोन खळग्यांशी दोन उंचवटे लागतील. आता एक बोट पुढच्या टोकावर, अंगठा मागच्या उंचवट्यावर ठेवून आरशात बाजूने बघा. पुढचं टोक मागच्यापेक्षा थोडंसं खाली असतं बहुतेक निरोगी माणसांत. थोडंसं पुढे ओणवं म्हणजे आजार नाही, ही साधी गोष्ट आहे, नाहीतर हल्ली मोबाईलवर व्हिडिओ बघून मुलं-मुली "माझा पेल्विस पुढे झुकलाय" म्हणून घाबरून येतात.

तिसरी हाडं बसल्यावर सापडतील. बाकड्यावर बसा, तळवे वर करून नितंबांखाली घाला, दोन टणक गोटे लागतील. ही बसायची हाडं. पुढे-मागे डोलून बघा, ती तुमच्या हातावरून गाडीच्या चाकासारखी फिरतील. ह्या डोलण्यात पूर्ण लेख आलाय खरं तर, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत तुम्ही हेच बघणार आहात की हाडांच्या टोकावर बसलोय का त्यांच्या मागे घसरून माकडहाडाजवळ बसलोय.

पायरी २: भिंत

भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती उंचसखल असतात, तशी असेल तर दाराची बंद फळी घ्या. नितंब, पाठीचा वरचा भाग आणि जमेल तर डोकं टेकवा, जोर लावून नाही. कमरेच्या मागे तळहात सरकवून बघा. तळहात जेमतेम जातोय तर ठीक, पूर्ण मूठ सहज जातेय तर तुम्ही कंबर जास्त ओणवून उभे राहता, बोटंही जात नाहीत तर मागे कलंडवून. डोकं टेकवताना हनुवटी वर जात असेल तर जबरदस्ती करू नका, उशीएवढी घडी मागे घ्या. ही परीक्षा नाही, फक्त आज कुठे आहोत ते कळण्यासाठी, आणि महिन्याने परत करून बघायला.

पायरी ३: चटईवर मधली जागा शोधणं

हीच खरी शिकायची गोष्ट, बाकी सगळं हिच्यावर. उताणं झोपा, गुडघे उभे, पावलं जमिनीवर. श्वास सोडत कमरेची खळगी चटईला टेकवा, म्हणजे कंबर मागे कलते. मग श्वास घेत हळूच उलटं, खळगी वर, माकडहाड चटईला. मांड्या आणि नितंब आवळायचे नाहीत, हालचाल बारीक, कुणी बघणाऱ्याला दिसलीही नाही तरी चालेल. दहा-बारा वेळा. मग दोन्ही टोकं सोडून मध्ये जिथे पोटाला आणि पाठीला दोघांनाही आराम वाटतो तिथे थांबा. ती तुमची मधली जागा. उद्या ती बोटभर इकडे-तिकडे असेल, असू दे.

दोन-तीन दिवस हे जमलं की तेच बाकड्यावर बसून करा आणि मग उभ्याने. उभ्याने बऱ्याच जणांचे गुडघे मागे घट्ट लागलेले असतात त्यामुळे कंबर हलतच नाही, गुडघे जरा सैल सोडा, लगेच हलेल. बायकांना मी सांगते की भाकरी भाजताना तव्यासमोर उभ्या असता तेव्हाच करा, वेगळा वेळ कुणाला मिळतो?

पायरी ४: बसणं

बसण्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण दिवस तिथेच जातो.

उभं राहिल्यावर कमरेचं जे वळण असतं ते खुर्चीत बसलं की बरंचसं कमी होतं, कारण मांडी वर आली की मागचे मांडीचे स्नायू बसायच्या हाडांना पकडून कंबर मागे ओढतात. अमेरिकेत कीगन नावाच्या सर्जनने १९५३ साली वेगवेगळ्या बैठकांत एक्स-रे काढून हे दाखवलं, आणि त्याला असं आढळलं की मांडी आणि धड यांच्यात साधारण १३५ अंशाचा कोन असतो तेव्हा कमरेचं वळण सगळ्यात मोकळं राहतं. म्हणजे काटकोनात बसणं ही काही निसर्गाची मोजपट्टी नाही. साधा अर्थ एवढाच काढायचा की गुडघे खुब्यापेक्षा खाली असले की कमरेला बरं.

मग जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी काय करायचं? आपण जेवतो पाटावर, भजनाला बसतो सतरंजीवर, आंबे भरतो जमिनीवर. मांडी घातल्यावर ज्यांचे गुडघे वर हवेत राहतात त्यांची कंबर मागे कलंडलेलीच असते. उपाय अगदी घरातला: नितंबांखाली चार बोटं उंचीची घडी घाला, जुनी गोधडी, गोणपाट, नाहीतर सरळ पाटच, आणि घडीच्या पुढच्या कडेवर बसा, मध्यभागी नाही. गुडघे खाली जातात आणि पाठ आपोआप वर येते, मुद्दाम ताठ व्हावं लागत नाही. करून बघा, दहा सेकंदात फरक कळतो. काकूंना मी हेच केलं, गोणपाटाची घडी दिली आणि म्हटलं परत नारळ खवल्यासारखं बसा. त्या बसल्या, दोन मिनिटं गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या बरा वाटता."

आडाळ्यावर बसताना एक गुडघा उभा आणि एक पाय आडवा असतो, त्यामुळे कंबर एका बाजूने वळलेली आणि एका बाजूने मागे गेलेली, आणि पातं एकाच बाजूला असल्यामुळे पाय बदलताही येत नाही. तिथे उपाय वेळेचा. एक नारळ झाला की उठायचं, किस आत ठेवून यायचा, मग दुसरा. मासे साफ करतानाही तेच, पापलेट झाली की उठा, मग बांगडे घ्या.

खुर्चीत: मागपर्यंत सरकून बसा, कमरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी, पाय जमिनीला टेकलेले, टेकत नसतील तर पायाखाली वीट नाहीतर डबा. आणि सारखं ताठ बसायची सक्ती स्वतःवर करू नका. पूर्वी असं शिकवायचे की बसल्यावर दोन मणक्यांमधल्या गादीवर (डिस्कवर) उभ्यापेक्षा जास्त दाब येतो, १९६०-७०च्या दशकातल्या नाकेमसन या संशोधकाच्या मोजमापांवरून. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ वर्षांच्या एका निरोगी माणसाच्या कमरेच्या गादीत सेन्सर बसवून दिवसरात्र मोजलं, तर सैल उभं असताना ०.५० मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक) आणि आधाराशिवाय सैल बसलं असताना ०.४६, म्हणजे जवळपास सारखंच, आणि खुर्चीत मागे रेलून बसला तेव्हा तर ०.३०च्याही आसपास. अंदाज यावा म्हणून सांगते, स्कूटरच्या टायरात साधारण ०.२ असतो. एकाच माणसावरचं मोजमाप आहे हे लक्षात ठेवूनच वापरायचं, पण टेकून बसणं म्हणजे पाप नाही हे त्यातून कळतं. झोपाळ्यावर मागे रेलून बसलात तर खुशाल बसा. फक्त तिथेच दोन तास मोबाईल बघत राहू नका.

एसटीत आणि मुंबईच्या प्रवासात सीट मागे खोलगट असते, कंबर त्यात बुडते. शाल नाहीतर स्वेटरची गुंडाळी कमरेमागे ठेवा, आणि पुरुषांनी मागच्या खिशातलं जाड पाकीट काढून पुढे ठेवा. पाकिटाच्या जाडीएवढी एक बाजू वर उचलली जाते, होडी कलली, खलाशी आठ तास वाकडा. गाडी चहाला थांबली की खाली उतराच. बाईक-स्कूटरवाल्यांनो, घाटात आणि खड्ड्यात बसायच्या हाडांवरून मागे घसरू नका, सीटवर पुढे या, कोपर सैल.

पायरी ५: उभं राहणं

पेढीवर, भाताच्या गिरणीत, मासळी बाजारात तासन् तास उभं राहणारे आपण. एका पायावर भार टाकून उभं राहिलं की त्या बाजूची कंबर वर आणि बाहेर सरकते, दुसरी खाली उतरते, कणा त्याप्रमाणे वळतो. थोडा वेळ हे अगदी नैसर्गिक आहे, मुद्दा असा की आपला आवडता पाय एकच असतो. मी स्वतःला पकडलंय, कायम उजव्या पायावर. पायाखाली एक छोटा दगड नाहीतर पाट ठेवा, त्यावर एक पाय, दहा मिनिटांनी दुसरा. पोट पुढे ढकलून, खुबे पुढे काढून, पाठ मागे टाकून उभं राहायची पण सवय असते काहींना, त्यांनी फक्त टाचा आणि चवडे दोन्हीवर भार वाटून घेतला तरी अर्धं काम होतं.

एक पाय आखूड असल्याची भीती बऱ्याच जणांच्या मनात असते. दोन्ही पाय अगदी तंतोतंत सारखे असलेली माणसंच कमी, पाच-सहा मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो आणि शरीर तो सांभाळून घेतं. चपलेत पॅड घालायची घाई करू नका.

पायरी ६: वाकणं आणि उचलणं

एक काठी घ्या, बांबूची सरळ. पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागे एक कमरेमागे. काठी डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि सेक्रमला अशी तीन ठिकाणी लागली पाहिजे. आता गुडघे थोडे सैल करून नितंब मागे न्या, जणू मागे बाकडं आहे आणि त्याला टेकायचंय. धड पुढे येईल पण काठी तिन्ही जागा सोडणार नाही. सेक्रमवरची काठी सुटली म्हणजे कंबर मागे कलंडली आणि तुम्ही पाठीतून वाकलात. हे आरशासमोर नाही, कुणाला तरी बाजूला उभं करून शिका. पहिल्या दिवशी मांडीच्या मागे ओढ लागेल, त्या ओढीपर्यंतच जा.

आता पेटीचं गणित. भरलेली आंब्याची पेटी काय नि प्लास्टिकचं क्रेट काय, वीसेक किलोच्या घरात. त्याच जर्मन मोजमापात २० किलो पाठ गोल करून उचलल्यावर दाब २.३ मेगापास्कल, गुडघे वाकवून उचलल्यावर १.७, आणि तेच वजन छातीशी धरून नुसतं उभं राहिल्यावर १.१. हातभर लांब धरलं तर परत १.८. म्हणून क्रम असा: पेटी आधी जमिनीवरच अंगाकडे ओढा, पायांच्या मध्ये घ्या, मग खुब्यातून वाका, छातीशी लावा, उठा, आणि वळायचं असेल तर पाय टाकून वळा, कंबर पिळून नाही. टेम्पोत ठेवताना दोघांनी एकेक बाजू धरली तर सगळ्यात छान. पाठ गोल झाली की मणका तुटतो असं काही नाही, मणके वाकण्यासाठीच आहेत, पडलेली सुपारी उचलायला एवढे सोपस्कार नकोत. वजन मोठं असेल किंवा दिवसभर तेच काम असेल तेव्हा हे पाळा.

भातलावणीचं काम वेगळंच. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला बसून चालतं, पण लावणीला चिखलात पाय रुतवून तासन् तास ओणवंच राहावं लागतं, तिथे काठीचा नियम कुणी पाळू शकणार नाही आणि मी सांगणारही नाही. तिथे फक्त एवढं करा: पावलं रुंद, एक पाय थोडा पुढे, पुढच्या पायाच्या मांडीवर मध्येच कोपर टेकवा, आणि प्रत्येक मूठ संपली की सरळ उभं राहून दोन्ही हात कमरेमागे ठेवून हलकेच मागे झुका, चार-पाच वेळा. एका ओळीत उजवा पाय पुढे तर पुढच्या ओळीत डावा. इरलं डोक्यावर असताना मागे झुकणं अवघड, तेव्हा ते उतरवून बांधावर ठेवा.

पायरी ७: वाहून नेणं

कळशी कायम डाव्या कमरेवर, मूल कायम डाव्या कमरेवर, कारण उजवा हात मोकळा लागतो. त्यासाठी आपण डावी कंबर वर उचलून फळी करतो आणि धड उजवीकडे टाकतो. विहिरीपासून घरापर्यंत जाताना एका बाजूने, परत जाताना दुसऱ्या बाजूने, इतकं जमलं तरी खूप. पहिले आठ दिवस उजवीकडे कळशी घेतली की पाणी सांडतं, सांडू दे. बाजाराच्या पिशव्या एका जड पिशवीऐवजी दोन हलक्या, दोन्ही हातात.

हाड सरकलं म्हणजे काय

इथे थोडं थांबून हे सांगितलंच पाहिजे. सेक्रम आणि कमरेचं हाड यांच्या मधला सांधा शरीरातल्या सगळ्यात घट्ट सांध्यांपैकी एक आहे. १९८९ साली स्वीडनमध्ये हाडात धातूचे बारीक मणी बसवून एक्स-रेने त्याची हालचाल मोजली तर फिरणं सरासरी अडीच अंश आणि सरकणं एक मिलिमीटरपेक्षाही कमी भरलं. म्हणजे ज्यांना त्या सांध्याचा त्रास होता त्यांच्यातसुद्धा. नारळ खवून किंवा शिंकून ते हाड जागचं निघून जात नाही. उसण भरते तेव्हा स्नायू आवळलेले असतात, दुखतं खरंच खूप, पण ते बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतं, शेक, हलकं चालणं, आणि पूर्ण आडवं पडून न राहणं याने. कुणीतरी पाठीवर पाय देऊन, झटका देऊन "बसवून" देतात, आवाज येतो, बरंही वाटतं घटकाभर. माझं कळकळीचं सांगणं आहे, वय झालेल्या माणसांच्या पाठीवर कुणाला उभं राहू देऊ नका. हाडं ठिसूळ असतील तर मणका दबतो, आणि ते मी बघितलंय.

पायरी ८: झोप आणि सकाळचा पहिला तास

कुशीवर झोपत असाल तर वरचा गुडघा पुढे गादीवर पडला की कंबर पिळली जाते, दोन गुडघ्यांमध्ये उशी नाहीतर घडी केलेली चादर घ्या. उताणं झोपणाऱ्यांना कमरेत ओढ वाटत असेल तर गुडघ्यांखाली. जमिनीवर चटई टाकून झोपायची सवय असेल आणि सकाळी ताजं वाटत असेल तर गादी घ्यायची काही गरज नाही. पोटावर झोपणाऱ्यांनी पोटाखाली पातळ उशी घेऊन बघा.

रात्री एक सुंदर गोष्ट घडते. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभर दाबाखाली पाणी सोडतात आणि झोपेत ते परत शोषून घेतात, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो आणि त्यातली निम्मी उंची उठल्यावर पहिल्या तासातच जाते. विल्के यांच्या मोजमापात सात तासांच्या झोपेत गादीतला दाब ०.१० वरून ०.२४ झाला होता. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. १९९८ मध्ये स्नूक नावाच्या संशोधकाने जुनी पाठदुखी असलेल्या लोकांना सकाळी उठल्यावर पहिले दोन तास कमरेतून वाकायचं टाळायला सांगितलं होतं आणि त्यांचं दुखणं कमी झालं होतं.

आता आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम काय? आखूड झाडू घेऊन, कमरेत दुमडून, खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, झाडणं. तेव्हा खळं झाडायचं ते चहानंतर. उठल्यावर आधी चूल नाहीतर गॅस पेटवा, कोंबड्यांना सोडा, परसात चालून या, नारळीखाली काय पडलंय बघा, पण उचलायला नंतर जा. आणि झाडूला हातभर काठी बांधून घ्या. काकूंच्या झाडूला त्यांच्या नातवाने सुंभाने बांधून दिली, आता ती दाराच्या मागे उभीच असते.